डब्यावरचा दिवा

मालगाव, ता. मिरज
१२ जानेवारी २०२५

नाथाजी, हट्टी माणसा,

फोन करू नकोस, असं तू दवाखान्यातल्या पाटीवर लिहिलंस. खाली लिहिलंस, पत्रही पाठवू नकोस. दोन्ही हुकूम मी मोडले आहेत. फोन केला की राहीवहिनी उचलतात आणि म्हणतात, "भावजी, त्येंनी सांगितलंया, आप्पासोंचा फोन आला तर ठेवून द्यायचा. मी काय करू? ठेवतिया." आणि खरंच ठेवतात. एवढी आज्ञाधारक बायको मिळाली म्हणून तू इतका माजलास.

तुझ्या गळ्यात गाठ निघाली, मिरजेच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा तू आधी नको म्हणालास. मी हो म्हण म्हणालो. आजही तेच म्हणेन. आवाज गेला, माणूस राहिला. मला तेवढं पुरेसं होतं, तुला नव्हतं. आत नेताना तू मला "सातला भेटू" म्हणालास. वीस-बावीस वर्षं रोज संध्याकाळी बिनतारी रेडिओवर गप्पा मारून सेट बंद करताना आपण हेच म्हणत आलो, म्हणून सवयीनं तोंडातून निघालं असेल. माझ्या कानावर पडलेला तुझा शेवटचा आवाज तो. नंतर तू पाटी घेतलीस आणि लिहिलंस, "आता सात वाजता माझ्याकडं काय आहे?" आणि घरी गेल्या गेल्या तुझा सेट, माइक, सगळं फलटणच्या एका कॉलेजला देऊन टाकलंस.

तुझ्याकडं काय आहे म्हणतोस? बोट आहे की गड्या! जबलपूरला सिग्नलच्या ट्रेनिंगमध्ये मोर्स शिकताना आपली अख्खी तुकडी तुझा हात ओळखायची. माणूस आवाजावरून ओळखतात तसा आपण हातावरून ओळखतो. तुझी रेघ जरा लांबते, आणि शेवटच्या टिंबाआधी तू श्वास घेतल्यासारखा अडखळतोस. उस्ताद ओरडायचे, तरी सुटलं नाही. तोंडानं बोलायला लागल्यावर आपण टिंब-रेघा विसरलो. आता पुन्हा काढू.

म्हणून मी एक उद्योग केलाय. सांगलीतला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, त्याची सगळी यंत्रं मिरजेच्या धुळा भंगारवाल्याकडं येऊन पडली होती. त्यातले वीजपुरवठ्याचे दोन डबे मी उचलून आणले. कॉम्प्युटर मेला तरी आतला डबा ठणठणीत असतो. हिरवी तार काळीला जोडली की तो जागा होतो. पिवळ्या तारांची जुडी बांधली की बारा व्होल्ट. आत एक रोधक बदलून मी ते पावणेचौदावर चढवले, आपल्या सेटला लागतात तेवढे. एक अडचण मात्र असते, तुला ठाऊक नसेल म्हणून लिहितो. त्याच्या लाल तारेवर पाच व्होल्ट असतात. आपल्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण त्या तारेवर काही ओझं नसलं तर पिवळी तारही नीट उभी राहत नाही, लगेच मान टाकते. म्हणून तिथं मोटारीचा एक जुना बल्ब लावलाय. तो बाहेर, डब्याच्या डोक्यावर मंद पिवळा जळत राहतो. कुणाच्या कामाचा नाही. वहिनींना सांग, फुकट जळतोय म्हणून काढू नका.

माल स्वस्तातला आहे. आत गाळणीचे भाग बसवायची जागा आहे, पण करणाऱ्यानं तिथं नुसते तारेचे तुकडे डकवून पैसे वाचवलेत. आपल्याला काय त्याचं, मीटर लावून बघितला, व्होल्ट खुंट्यासारखे पक्के आहेत. एक डबा तुला, एक मला. माझा जुना ट्रान्सफॉर्मरवाला पेटारा उचलताना कंबर धरायची, तो धुळाला देऊन टाकला. आता तुझ्याकडं आणि माझ्याकडं एकसारखा दिवा जळेल.

डब्याबरोबर हातानं जोडलेला एक छोटा सेट आहे आणि मोर्सचे टिंब-रेघा बडवायची माझी पितळी की आहे. सगळं खोक्यात बांधून उद्या कोयनानगरच्या एसटीनं पाठवतो. खोक्यात एक चिठ्ठीही टाकली आहे, "सात वाजता, जुन्या जागेवर." हे पत्र तू फाडशील, पण खोकं उघडल्याशिवाय तुला झोप येणार नाही, हे मला माहीत आहे.

फार काही बोलू नकोस. तब्येत विचारणार नाही. एक टिंब तरी दे. एकच. मला कळेल.

तुझा,
आप्पासो


९ फेब्रुवारी

नाथाजी,

खोकं पोचल्याचं एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. तुझ्या वाडीचा एक जण येऊन घेऊन गेला म्हणे. परत आलं नाही, म्हणजे तू ठेवून घेतलंस. त्या एका गोष्टीवर मी महिनाभर जगलो.

रोज सातला बसतो. तुझी हाक घालतो, थांबतो, पुन्हा घालतो. काही नाही. नुसती खरखर. नाथा, आपला रेडिओचा बँड पार नासला बघ. पूर्वी संध्याकाळी कसं विहिरीत डोकावल्यासारखं शांत असायचं, खडा टाकला तरी ऐकू यायचा. आता उसाच्या गुऱ्हाळाशेजारी बसल्यासारखं वाटतं. घरोघरी चिनी दिवे, चार्जर, छपरावर सोलर. शेजारच्या सिद्धूनं यंदाच सोलर बसवलं, तेव्हा मी त्याच्या दारात जाऊन भांडलो. म्हटलं, तुझ्या त्या यंत्रानं माझा रेडिओ मारला. तर म्हणतो कसा, "आवं आप्पा, सात वाजता सूर्य असतोय व्हय? माझं यंत्र तवा झोपल्यालं असतंय." गावासमोर हसं झालं. पण मी काय मागं हटतोय? मग घरातले दिवे बंद करायला लावले. जयराज सैन्यात, सरहद्दीवर आहे, घरात मी आणि सूनबाई पल्लवी. बिचारी सात ते साडेसात फ्रीजसुद्धा बंद ठेवते आणि अंधारात ओट्यावर बसून लसूण सोलते. सगळ्या घरात तेवढा वेळ एकच दिवा जळतो, माझ्या डब्यावरचा.

तरी खरखर जात नाही. आणि तू येत नाहीस.

खरखर आहे म्हणून तू ऐकू येत नाहीस, असं मी पहिले काही दिवस मनाला समजावलं. पण तुझा हात असा लपायचा नाही. पुराच्या वर्षी सांगलीत होड्या फिरत होत्या, फोन मेले होते, आणि तू वरून धरणातनं किती पाणी सोडलं ते सांगत होतास. तेव्हा ढग गडगडत असतानाही मी तुझा शब्दन् शब्द लिहून घेतला होता. तू बोलत असतास तर मला ऐकू आलं असतं. म्हणजे तू बोलत नाहीस.

वहिनींना फोन केला होता. "भावजी..." एवढं म्हणाल्या आणि ठेवला. यावेळी ठेवायच्या आधी जरा थांबल्या, असं वाटलं.

आप्पासो


१६ मार्च

नाथा,

खाटेवरून लिहितोय, अक्षर वाकडं येईल.

तारेत दोष असेल असं एक दिवस मनानं घेतलं. छपरावरची तार गंजली असेल, जोड सुटला असेल. पल्लवी नको नको म्हणत असताना शिडी लावून चढलो. जोड चांगला होता. उतरताना पाय चुकला. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत आत पट्टी घालून स्क्रू मारलेत. म्हणजे आता माझ्याही अंगात भंगार आहे.

तुझ्यासमोर खोटं बोलून काय उपयोग, वेदना फार आहेत. पण त्यापेक्षा वाईट असतात त्या दुपारी. कुणी आलं की मी विनोद करतो, गेलं की भिंतीकडं तोंड करतो. हिला जाऊन सहा वर्षं झाली. ती असताना म्हणायची, "तुमच्या दोघांचं लग्न रेडिओवर लागलंय." तेव्हा राग यायचा. आता वाटतं, बरोबर होतं. ती गेली त्या संध्याकाळीसुद्धा मी सातला सेट लावला होता, आठवतं? तू फक्त माइकचं बटण दाबून धरलंस, आणि तुझ्या खोलीतला पंखा आणि वहिनींच्या बांगड्या मला ऐकू येत राहिल्या. माझं रडणं संपेपर्यंत तू बटण सोडलं नाहीस.

मी तुझ्याकडं त्यापेक्षा जास्त मागतोय का? गळ्यातनं एक शब्द नको. एक टिंब. तेही नाही?

पल्लवीनं सेट आणि डबा खाटेशेजारच्या स्टुलावर मांडलाय. दिवा अगदी उशाशी जळतो. संध्याकाळी तेवढाच सोबतीला असतो.

आप्पासो


१४ एप्रिल

श्री. नाथाजी यांस,

गड्या म्हणत नाही. त्याला गडी असावा लागतो.

मी तुम्हाला आजवर जी हाक घातली ती आज शेवटची. सेट बंद करायला सांगितलं आहे. डॉक्टरांनी तुमचा आवाज काढला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण माणुसकी डॉक्टरांनी काढलेली नाही. ती तुम्ही स्वतःच्या हातानं उपटून टाकलीत. मी मोडक्या हाडानं पडलोय, दर संध्याकाळी कान देतोय, आणि तुमच्याकडून एक बोट हलत नाही. ज्या माणसाच्या घरी दुःख झालं म्हणून मी कऱ्हाडपासून वर घाटात पावसात चालत आलो होतो, तो माणूस हा नव्हे.

तुम्हाला तुमच्या मुक्या घरात सुखानं राहू दे. मी मेलो तर जयराज तुम्हाला कळवणार नाही, असं मी त्याला बजावणार आहे.

आप्पासो


११ मे

नाथा, नाथा,

ते एप्रिलचं पत्र फाड. वाचलं असलंस तर विसर. वाचलं नसलंस तर चुलीत घाल. देवाशपथ, मी तुझे पाय धरतो.

काल दुपारी वळवानं झोडपलं. गारा, वारं, रस्त्याकडेचे विजेचे खांब आडवे. रात्रभर वीज नव्हती, आज दिवसभर नव्हती. मी दोन दिवस जेवलो नव्हतो, कारण काही नाही, नको वाटत होतं. संध्याकाळी पल्लवी म्हणाली, "आप्पा, सेट लावा की. तुमी त्यो लावल्याबिगर घास गिळत न्हाई, कळतंय मला." म्हटलं, वीज कुठाय? ती गेली आणि सिद्धूला हाक मारून त्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून खाटेजवळ ठेवली. मी तारा जोडल्या. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा सेटमध्ये शांतता होती. विहिरीसारखी. मला वाटलं सेट मेला.

आणि त्या शांततेत तू होतास.

बारीक. पण तूच. माझी हाक, तीनदा. मग तुझी. मग सावकाश, एकेक अक्षर टाकत, "आप्पा मी आहे. तू आहेस का." ती लांबलेली रेघ. शेवटच्या टिंबाआधीचं ते अडखळणं. नाथा, मी पल्लवीसमोर लहान पोरासारखा ओरडलो.

की ओढली आणि उत्तर दिलं. आहे, आहे, आहे. थांबलो. तू पुन्हा तेच पाठवलंस, "आप्पा मी आहे. तू आहेस का." मी पुन्हा दिलं. तुझ्यापर्यंत पोचत नव्हतं. मी बोलतोय आणि तू विचारतोयस, आहेस का. शेवटी तू पाठवलंस, "सातला भेटू." मी अजून कीवर होतो आणि तू गेलास.

तरी कान लावून होतो. तू परत आलास. एकच शब्द, माझं नाव, पुन्हा पुन्हा, उगाच, जाता जाता दारातून वळून बघावं तसं. नेमकी तेव्हाच वीज आली. उशाशी डब्यावरचा दिवा पेटला, कारण वीज आली का बघायला मी आधी त्याचं बटण दाबलं होतं, ते चालूच राहिलेलं. आणि तू नाहीसा झालास. गुऱ्हाळ सुरू. मी पल्लवीला ओरडलो, डबा बंद कर. दिवा विझला, खरखर गेली, आणि तू होतास. पुन्हा लाव म्हटलं. दिवा पेटला, तू नाहीस. विझला, तू आहेस.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सिद्धूशी भांडलो, पोरीला अंधारात बसवलं, छपरावरून पडलो. पण मी स्वतः केलेल्या डब्यावर मला एकदाही संशय आला नाही. खरखर अडवणाऱ्या गाळणीची जागा रिकामी दिसत होती, तुला लिहिलंसुद्धा मी, आणि तरी नाही. व्होल्ट बरोबर होते ना, मग झालं. तेवढ्यावर मी शहाणा.

आणि तसाच डबा मी तुला पाठवला. तुझ्याही उशाशी तोच दिवा जळतोय. म्हणून तुला मी ऐकू येत नाही. तू जानेवारीपासून रोज येत होतास, नाथा? रोज? आणि मी इकडं बसून तुला शिव्या घालत होतो?

आता नीट वाच. डब्याची वायर भिंतीतून काढ. नुसता बंद नको, काढच. कुणाच्या जीपची बॅटरी माग, लाल लालला, काळी काळीला. आणि सातला बस. हे पत्र उद्या सकाळच्या एसटीनं पाठवतोय, पोस्टाची वाट बघत नाही.

तुझा आप्पा


१७ मे

नाथा,

कंडक्टर म्हणतो पत्र वहिनींच्या हातात दिलं. तरी तू रोज तेच विचारतोयस, आहेस का. बॅटरीवर मी तुला रोज ऐकतो, रोज उत्तर देतो, आणि तू त्या खरखरीत बसून आहेस. फोन केला, वहिनींनी ठेवला. मी ओरडत होतो, वहिनी, डबा, डबा काढा, त्याआधीच ठेवला.

आणि तुझा हात मंदावलाय. परवा माझं नाव अर्धंच आलं. काल नुसती पहिली हाक आली, आणि बराच वेळ काही नाही. तू आजारी आहेस. मला कळतं.

पल्लवी आपण होऊन म्हणाली, "मी जाते आप्पा. तुमची भाकरी सिद्धूच्या घरनं येईल." जयराजच्या मोटरसायकलची बॅटरी काढून तिच्याकडं दिली आहे. रंग ओळखून तारा जोडायला शिकवलं, दोनदा करून घेतलं. की कशी दाबायची तेही शिकवलं. हे पत्रही तिच्याचकडं देतोय. ही पोरगी माझी आहे असं समज. तिला आत येऊ दे.

आज सातला.

आप्पा


३ जून

नाथा,

हे पत्र कुठं पाठवायचं ते मला माहीत नाही. तुझा दहावा झाला. मला येता आलं नाही. खाटेवरून वाळूत पाणी सोडता येत नाही.

तू सगळं बघितलंस, पण मी नाही बघितलं. मला पल्लवीनं जेवढं सांगितलं तेवढंच कळलं. तेच तुला सांगतो, चुकलं असेल तर तूच जाणे.

घाटात एक ट्रक अडकला होता म्हणून तिची एसटी उशिरा पोचली. दिवस कलायला आला तेव्हा ती तुझ्या ओट्यावर चढली. तू खाटेवर होतास, गळ्यातलं आत छातीत उतरलं होतं, डोळे तेवढे फिरत होते. सेट वहिनींनी तुझ्या उशाशी आणून ठेवला होता आणि डबा त्याच्याशेजारी. दिवा जळत होता. रोज सातला त्या तुझं बोट उचलून कीवर ठेवत होत्या. "बोट ठेवलं का गप व्हत्यात," म्हणाल्या. "टिकटिक करत्यात, मग कानाला लावून बसत्यात. मग त्वांड फिरवून निजत्यात. कोण बोलतच न्हाई म्हणं त्येंच्यासंगं."

पल्लवी म्हणाली, आप्पा रोज बोलतात, त्यांनी पत्रंही लिहिली. वहिनी उठल्या. तांदळाच्या डब्यातून माझी सगळी पत्रं काढली. एकही फोडलेलं नाही. "त्येंनी दवाखान्यातनं आल्या आल्या पाटीवर लिवलं, ल्येकीनं वाचून दावलं मला. आप्पासोची चिठ्ठी आली तर मला दावायची न्हाई. म्या न्हाई दावली. मला वाचाय येत न्हाई, पर कागद जाळवंना बाई."

आणि तू पत्राचं कधी विचारलं नाहीस. खोकं उघडलंस, चिठ्ठी वाचलीस, दुसऱ्याच दिवसापासून सातला बसलास. पण आलं का आप्पाचं पत्र, असं पाटीवर लिहायला तुझा हात वळला नाही. तूच नको म्हणालेलं, मग विचारणार कसं? तुला वाटलं असेल, आप्पानं खोकं पाठवून हात धुतले. वहिनींना वाटलं, नवऱ्याचा शब्द मोडायचा नाही. आणि मला वाटलं, मला सगळं कळतं. तिघांपैकी एकानंही दुसऱ्याला काही विचारलं नाही.

पल्लवीच्या मोबाईलला तुझ्या खोलीत रेंज नाही. तुमचा फोन ओट्यावरच्या खुंटीला टांगलेला, तिथंच काय ती रेंज. तुला उचलून ओट्यावर आणण्यासारखा तू राहिला नव्हतास. सात व्हायला थोडा वेळ होता. तिनं पहिलं पत्र फोडलं आणि तुला वाचून दाखवलं. हट्टी माणसा म्हटल्यावर तुझ्या ओठाचा कोपरा हलला, असं ती सांगते. शेवटपर्यंत वाचलं म्हणाली. एक टिंब तरी दे, इथपर्यंत.

मग तिनं डब्याची वायर भिंतीतून उपटली, दिवा विझला. बॅटरीला तारा लावल्या. रंग चुकली नाही.

इकडं मी सातला तुझी हाक घातली. सावकाश घातली, तुला झेपेल अशी. आहे, नाथा, मी आहे. रोज होतो. आणि थांबलो. सेटमध्ये ती विहिरीसारखी शांतता. मी कान इतका दाबून धरला होता की पाळीवर वळ उठला. पुन्हा घातली. थांबलो.

एक टिंब आलं.

एकच. नंतर काही नाही. मी बराच वेळ थांबलो, शेवटी पाठवलं, "सातला भेटू." दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

टिंबाला हात नसतो, नाथा. दोन अक्षरं ओळीनं आली असती तर मी कोर्टात शपथेवर सांगितलं असतं की हा नाथाजीच. रेघ लांबली असती, शेवटी अडखळला असतास. एका टिंबावरून कुठलाही सिग्नलवाला सांगू शकत नाही, बोट कुणाचं. ते तुझं असेल. वहिनींनी रोजच्यासारखं तुझं बोट उचलून ठेवलं असेल आणि त्या वजनानंच की दबली असेल. किंवा ते पत्र नुकतंच ज्या पोरीनं वाचलं होतं, ज्या पोरीला मीच की दाबायला शिकवलं होतं, जिनं मला कितीतरी महिने अंधारात वाट बघताना बघितलं होतं, तिचंही असेल.

पल्लवी तुझं सगळं आवरून चौथ्या दिवशी परत आली. पत्रांचा गठ्ठा आणला. एप्रिलचं पत्र अजून बंद आहे, मी ते तसंच ठेवलंय. ते तुला कधी कळलं नाही, एवढंच मला मिळालेलं दान. पण बाकीचीही कळली नाहीत. चार महिने तू मला हाक मारलीस आणि कुणी नाही असं समजून कूस बदलून निजलास, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. एका संध्याकाळीही गेलेलं नाही. जेवताना घास हातात राहतो.

माझा डबा धुळाच्या माणसाला परत दिला. मोटारीचा तो बल्ब तेवढा काढून घेतला. उशाशी पडलाय. त्याला जोडायला आता काही नाही, तसं मलाही. तो लाल तारेवर होता म्हणून पिवळी तार उभी राहायची. सातला बसायचं हे माझं ओझं होतं, नाथा. त्याच्यावर मी उभा होतो. आता पायही उचलत नाही आणि उचलावासाही वाटत नाही. डॉक्टर म्हणतात चाला. कुठं चालू?

परवा संध्याकाळी सात वाजून गेले, सेट झाकलेला होता. पल्लवी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. पाठमोरीच म्हणाली, "आप्पा, त्यांनी ऐकलं बरं का." मी हं म्हणालो. ती पुढं काही बोलेल म्हणून मी वाट बघितली, आणि ती मी काही विचारेन म्हणून थांबली असावी, कारण थापण्याचा आवाज मध्येच बंद पडला.

बोट कुणाचं होतं ते मी विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

आप्पा